हवामानाचे प्रदर्शन आणि गळणारे छप्पर

एका संग्रहालयाने ‘हवामान आणि संस्कृती’ असे प्रदर्शन भरवायचे ठरवले, आणि सल्लागारांत सर्व थरांतली माणसे असावीत म्हणून माझे नाव घातले गेले. मी तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. संग्रहालये मी पाहिली आहेत ती सहलीला मुले घेऊन जाणाऱ्या शिक्षिकेच्या नात्याने, म्हणजे अर्धे लक्ष काचेच्या कपाटांकडे आणि अर्धे मुलांच्या बोटांकडे ठेवून. पहिल्याच बैठकीत नियोजित वस्तूंची यादी हाती आली. तीत ‘मेघदूत’ आणि ‘ऋतुसंहार’ यांच्या पोथ्या होत्या, बारामासा व रागमाला चित्रे होती, मल्हार रागाची ध्वनिमुद्रिका होती, जुनी पंचांगे, वाड्याच्या चौकाचे लाकडी काम, मंगळागौरीचे साहित्य आणि छत्र्यांचे एक देखणे दालन होते.

यादीत खोटे असे काहीच नव्हते. या साऱ्या गोष्टी या भूमीत झाल्या आहेत आणि त्यांपैकी काही मला मनापासून आवडतात. ‘मेघदूत’ मी वर्गात शिकवलेले आहे. पण यादी वाचून संपल्यावर जाणवले, की या प्रदर्शनातला पाऊस सगळा कोरड्या जागी उभे राहून पाहिलेला आहे. विरहिणी सज्जात उभी आहे, राजा झरोक्यात बसला आहे, गायक मैफलीत आहे. भिजणारे माणूस एकही नाही. मी विचारले, “यात छप्पर कुठे आहे?” अध्यक्षांना वाटले मी वाड्याच्या कौलांविषयी विचारते आहे. त्यांनी नम्रपणे सांगितले, की कौलांचे नमुने मिळवता येतील.

त्या बैठकीपासून प्रदर्शन उभे राहीपर्यंत जे वाद झाले, जे शिकायला मिळाले, त्याचा हा वृत्तान्त आहे. अशी प्रदर्शने यापुढेही होतील. शाळांतून होतील, जिल्हा ग्रंथालयांतून होतील, कदाचित आपल्या वस्त्यांतल्या समाजमंदिरांतूनही होतील. ती कशी रचावीत याचा विचार आपण केला नाही, तर तो दुसरे करतील, आणि आपण पुन्हा एकदा तिकीट काढून दुसऱ्यांचा पाऊस पाहून येऊ.

प्रदर्शन म्हणजे वस्तूंची मांडामांड नव्हे. आधी एक प्रश्न असावा लागतो. त्या प्रश्नाला धरून वस्तू निवडायची, वस्तूशेजारी पाटी लिहायची आणि प्रेक्षकाने कोणत्या वाटेने चालायचे ते ठरवायचे. आमच्या समितीपुढचा मूळ प्रश्न होता : हवामानाने संस्कृतीला काय दिले? मी तो थोडा बदलून मागितला : एकच हवामान सर्वांना सारखे लागते काय?

विज्ञानाच्या बाजूने पाहिले तर पाऊस जात पाहत नाही. भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. त्याचे पुण्यातले जुने दगडी कार्यालय १९२८ सालचे. सिमल्याहून ते तेथे आले म्हणून लोक त्याला ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. कुलाब्याची वेधशाळा त्याहून कितीतरी जुनी, १८२६ सालची. पर्जन्यमापक हे यंत्र म्हणजे एक नळकांडे, त्यावर ठरावीक मापाचे नरसाळे. रोज सकाळी साडेआठला त्यातले पाणी मोजायचे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. हा हिशेब प्रदर्शनात प्रत्यक्ष दाखवावा असे सर्वांनाच वाटत होते. फक्त तो कशावर दाखवायचा? समितीची कल्पना शेताची होती. मी म्हटले, दहा बाय बाराची खोली घ्या. म्हणजे अकरा चौरस मीटर. एका रात्री पन्नास मिलिमीटर पाऊस झाला तर त्या छपरावर साडेपाचशे लिटर पाणी पडते. पंधरा लिटरची घागर धरली तर पस्तीस-चाळीस घागरी. छप्पर गवताचे, पाचटाचे असेल आणि तीन वर्षांत शाकारलेले नसेल, तर त्यांतल्या किती घागरी आत येतील?

माझी आजी सांगत असे, “रातभर भांडी हलवायचो. हितं गळतंय तर तवली हितं, तिथं गळतंय तर तिथं. पोरं कोपऱ्यात, आन् पीठ तेवढं माझ्या मांडीवर.” मृगाचा पाऊस तिच्या लेखी मातीच्या वासाचा नव्हता, पिठाच्या काळजीचा होता. आणि हस्ताचा, ज्याला खेड्यात हत्तीचा पाऊस म्हणतात, तो भिंती पाडतो असे सगळेच म्हणतात. पण पडतात त्या मातीच्या भिंती, दगडी चिरेबंदी नव्हेत. म्हणीतसुद्धा भिंत कुणाची ते सांगितलेले नसते.

हे दारिद्र्याचे दुःख झाले, जातीचे कुठे, असा आक्षेप बैठकीत आला. आक्षेप रास्त होता, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी मी बाबासाहेबांचा ग्रंथ घेऊन गेले. अस्पृश्यांच्या वस्तीविषयीचे त्यांचे लेखन त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिले आणि १९८९ साली महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात छापले गेले. गावाने अस्पृश्यांच्या कोणकोणत्या गोष्टी गुन्हा ठरवल्या होत्या त्यांची यादी त्यात आहे, आणि त्या यादीत कौलारू छपराचे घर बांधणे हाही गुन्हा आहे. म्हणजे ऐपत असूनही कौल घालायचे नाही. गरिबाचे छप्पर गळते ते पैसा नसल्यामुळे. आमचे छप्पर गळावे असा नियम होता. हवामान आणि संस्कृती यांचा याहून थेट संबंध मला तरी ठाऊक नाही. अध्यक्षांनी ते पान दोनदा वाचले. त्यानंतर छप्पर यादीत आले.

वस्तीच्या जागेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा निघाला. महारवाडा गावाच्या पूर्वेला का, याचे एक उत्तर आपल्याकडे सर्रास दिले जाते : वारा पश्चिमेकडून वाहतो, म्हणून आमच्या अंगावरचा वारा गावाला लागू नये. यात तथ्य आहे. जून ते सप्टेंबर दख्खनवर वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून वाहतो. शिवाय पठाराचा उतारही पूर्वेकडे. गोदावरी, भीमा, कृष्णा साऱ्या पूर्वेला वाहतात. तेव्हा पूर्व म्हणजे वाऱ्याचीही खालची बाजू आणि पाण्याचीही. गावाचे सांडपाणी, गावाचा ओढा, गावाचा चिखल पावसाळ्यात जिकडे उतरतो तिकडे वस्ती. परंतु हिवाळ्यात वारा उलटतो, पूर्वेकडून येतो. कोकणात नद्या पश्चिमेला जातात. आणि बाबासाहेबांनी त्याच लेखनात दिशा सांगितली आहे ती दक्षिण, कारण दक्षिण अशुभ मानलेली. तेव्हा ‘पूर्व म्हणजे वारा’ हे सूत्र भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून मोकळे होणे मला पटले नाही. आपल्या बाजूचे असले तरी अर्धे सत्य ते अर्धेच. त्याऐवजी काही गावांचे खरे नकाशे लावावेत, वाऱ्याची व उताराची दिशा बाणांनी दाखवावी, आणि कुठे सूत्र लागू पडते, कुठे पडत नाही ते प्रेक्षकाला पाहू द्यावे असे मी सुचवले. माझ्याच वर्गातल्या मुलांनी आपापल्या गावांचे नकाशे काढून आणले. पाहणाऱ्याला एवढे कळते, की दिशा बदलते पण ‘खालची बाजू’ बहुतेक ठिकाणी बदलत नाही.

उन्हाच्या दालनात माझे एका हवामानशास्त्रज्ञ सदस्यांशी चांगले जमले. त्यांनी मला एक साधी गोष्ट सांगितली, जी मला इतकी वर्षे माहीत नव्हती. वर्तमानपत्रात जे तापमान छापले जाते ते सावलीतले असते. तापमापक एका पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर टांगलेला असतो. शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, कारण हवेचे तापमान मोजायचे तर ऊन थेट लागता कामा नये. पण याचा अर्थ असा, की चंद्रपूरला पंचेचाळीस अंश झाले असे आपण वाचतो तेव्हा ते सावलीचे पंचेचाळीस असतात. उघड्या खडकाचा, डांबराचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी अधिक तापलेला असतो. ज्यांना गावातून जाताना चपला काढून हातात घ्याव्या लागत, त्यांच्या तळपायांचे तापमान कोणत्याही नोंदवहीत नाही. ती पांढरी पेटी आणि तिच्याशेजारी तळ झिजलेल्या चपलांचा जोड, एवढेच मांडावे असे ठरले.

आणि मग सावलीची गोष्ट. पेशवाईत महार-मांगांना सकाळी नऊपूर्वी आणि दुपारी तीननंतर पुण्याच्या वेशीत यायला बंदी होती, कारण त्या वेळी सावल्या लांब पडतात, असे घुर्ये यांनी आपल्या १९३२ च्या ग्रंथात नमूद केले आहे. सावलीच्या विटाळाविषयी बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलन’मध्येही लिहिले आहे. मी शास्त्रज्ञ सदस्यांना विचारले, तीन वाजता पुण्यात सावली नेमकी केवढी पडते? त्यांनी कागदावर गणित मांडले. सूर्याच्या हिशेबाने तीन वाजता, दिवस-रात्र समान असतात तेव्हा, सावली माणसाच्या उंचीपेक्षा किंचित मोठी. डिसेंबरच्या अखेरीस उंचीच्या पावणेदोन पटींहून थोडी जास्त. आणि जूनच्या अखेरीस उंचीपेक्षाही थोडी कमी. म्हणजे ज्योतिषात पारंगत असलेल्या नगरीने नियम केला तो सरासरीने केला म्हणायचा. पण आषाढ-श्रावणात दिवसेंदिवस आभाळ झाकलेले असते, सावली पडतच नाही. तेव्हा वेस उघडी राहत असे काय? हा प्रश्न मी गमतीने विचारला होता. शास्त्रज्ञ हसले नाहीत. त्यांनी सुचवले, की दालनात एक काठी उभी करावी, फिरता दिवा ठेवावा आणि प्रेक्षकाने महिना व वेळ निवडून सावली मोजावी. मुले तेथे सर्वांत जास्त वेळ रेंगाळतात.

पाण्याच्या दालनासाठी मोट मिळाली. विहिरीतून बैलांच्या जोरावर पाणी ओढणारी ही चामड्याची पखाल. नव्या पिढीला ती ठाऊक नाही, कारण इंजिन आणि विजेचा पंप आल्यावर ती गेली. मोटेवरचे गाणे, मोटेचा आवाज, पहाटेची मोट हे मराठी कवितेतले लाडके विषय आहेत. समितीने लिहिलेल्या पाटीत ‘ग्रामीण जीवनातील सिंचनाचे पारंपरिक साधन’ एवढेच होते. त्या मोटेचे कातडे ढोराने कमावले, चांभाराने शिवले. तिचा नाडा मांगाने वळला. जनावर मेले तेव्हा ते ओढून नेले महाराने. ती मोट विहिरीत बुडाली, तिचे पाणी पिकाला गेले, पाटावर वाटसरू प्यालाही. चामड्याने विहीर बाटली नाही. ज्यांनी चामडे केले ते पायरीवर आले असते तर बाटली असती. हे पाटीवर यावे की नाही यावर एक अख्खी बैठक गेली. एक सदस्य म्हणाले, “प्रदर्शन हवामानाचे आहे, बाई.” मी म्हटले, पाऊस आठ महिने नसतो म्हणूनच विहीर असते.

पाटीवर कारागिराची जात लिहावी काय, हा यातला खरा अवघड भाग. ‘अज्ञात कारागीर’ असे लिहिले की सगळे सभ्य दिसते आणि सगळे पुसले जाते. ‘मांग कारागीर’ एवढेच लिहिले तर बलुतेदारीचे कौतुक होते. जणू प्रत्येकाला आपापला छानसा धंदा वाटून दिला होता. आम्ही शेवटी असे ठरवले, की वस्तू कुणी केली ते लिहायचे आणि तिच्या बदल्यात त्याला काय मिळे तेही लिहायचे. दोन्ही नसेल तर पाटी अपुरी. हा नियम छत्र्यांच्या दालनालाही लावला, तेव्हा त्या दालनात इरले आले, घोंगडे आले आणि गोणपाटाची खोळ आली. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसला की डोक्यावर टोप आणि पाठीवर आडोसा होतो. ही माझ्या माहितीतली सर्वांत स्वस्त छत्री आहे, आणि भात लावणारी, खुरपणारी निम्मी माणसे अजूनही हेच वापरतात. पोते मात्र आता प्लॅस्टिकचे, खताचे असते.

दुष्काळाविषयी मी अधिक लिहिणार आहे, कारण तेथे आपली बाजू सर्वांत जास्त झाकलेली आहे. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, आणि त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशेच्या आसपास. ढग सह्याद्री चढताना रिकामे होतात, उतरणारी हवा कोरडी होते. याला पर्जन्यछाया म्हणतात. माणदेशाने मराठी साहित्याला बरेच दिले आहे. माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ दुष्काळापाशीच संपते, आणि शंकरराव खरात त्याच मुलखातले, आटपाडीचे. पण पाऊस न पडणे ही घटना वेगळी आणि दुष्काळ ही वेगळी. दुष्काळ आधी सरकारी कागदावर जाहीर व्हावा लागतो. त्यासाठी महसूल खात्याची जुनी पद्धत म्हणजे आणेवारी, पुढे पैसेवारी : नेहमीच्या पिकाच्या तुलनेत यंदाचे पीक पन्नास पैशांच्या खाली गेले की टंचाई. पद्धत समजायला सोपी आहे. पण तीत मोजले जाते ते उभे पीक. ज्याला जमीन नाही त्याचे पीक शून्य, पावसाच्या वर्षीही शून्यच. त्याचे बुडते ती मजुरी, आणि मजुरीची पैसेवारी कुणी काढत नाही. बलुत्याचेही तसेच. बलुते खळ्यावर मिळायचे. रास कमी झाली की पहिली कात्री त्यालाच. पेरले नाही, तरी पाऊस चुकल्याचा फटका मात्र पुरता.

दुष्काळाची एक कथा यादीत आधीपासून होती, दामाजीपंतांची. मंगळवेढ्याच्या दामाजीने दुष्काळात सरकारी कोठारे लोकांसाठी खुली केली आणि बेदरच्या बादशहाकडे धान्याची किंमत पोचती केली ती विठू महाराच्या रूपात आलेल्या विठ्ठलाने. कथा गोड आहे. देवाला महार व्हावेसे वाटले याचा आपल्या आजोबा-पणजोबांना अभिमान होता, तो मी कमी लेखत नाही. पण कथेत विठू महार येतो तो थैली पोचवायला. निरोप न्यायचा, भरणा न्यायचा, ही महाराची वेठीची कामे. देवाने रूप घेतले तरी काम तेच राहिले. कोठार उघडल्यावर रांगेत महारवाडा कितवा होता, ते कथा सांगत नाही. म्हणून दामाजीच्या चित्राशेजारी अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ ठेवावी असा मी आग्रह धरला. ती १९५९ ची. तीत उपाशी माणसांसाठी धान्य लुटले जाते, आणि देव मध्ये येत नाही.

सत्यशोधक परंपरेचेही येथे काम आहे. जोतीरावांनी आपला हौद अस्पृश्यांना खुला केला १८६८ साली. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने निराधार मुलांसाठी बालाश्रम चालवला. आणि १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये, पावसाचे पाणी शिवारातच मुरावे म्हणून ठिकठिकाणी बंधारे घालावेत, रिकाम्या पलटणींना व पोलिसांना त्या कामी लावावे, असे त्यांनी सुचवले. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात असताना, १९४२ ते ४६ या काळात, दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी बाबासाहेबांच्या खात्यातून झाली. आपल्याला पाण्याचा माणूस म्हणून बाबासाहेब दाखवायचे तर फक्त चवदार तळे दाखवून भागत नाही.

१९७२ चा दुष्काळ माझ्या जन्माच्या आधीचा. तो मला आजीच्या तळहातांवरून कळला. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणे, नालाबंडिंग, पाझर तलाव. खायला सुकडी आणि अमेरिकेतून आलेला मिलो, तांबडी ज्वारी. या कामांतूनच पुढे रोजगार हमी योजना आली. तिचा कायदा १९७७ चा, अंमल १९७९ पासून. काम मागण्याचा हक्क कायद्याने मान्य होण्यामागे खडी फोडणाऱ्या बायकांचे हात आहेत, ही गोष्ट हवामानाच्या सांस्कृतिक परिणामांत बसत नसेल तर काय बसते? याच १९७२ साली परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात पाण्यावरून दलित स्त्रियांची विटंबना झाली आणि त्याच साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. दया पवारांची धरण बांधणाऱ्या बाईवरची कविताही याच धाग्यातली. दालनात आम्ही खडी फोडायची हातोडी, पाटी आणि कामावरचे हजेरीपत्रक ठेवले. हातोडी आजीची नाही. आजीची हातोडी कामावर परत द्यावी लागली होती.

महाडला मी वेगळे दालन मागितले नाही, एक भिंत मागितली. महाड कोकणात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा तो भाग. तेथे १९२७ च्या मार्चमध्ये परिषद भरली तेव्हा जमलेल्या माणसांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. २० मार्चला बाबासाहेब तळ्यावर गेले, पाणी प्याले. मागाहून शंभरावर आठ घागरी पंचगव्याने तळे शुद्ध करण्यात आले. कोर्टाचा शेवटचा निकाल १९३७ साली. भिंतीवर दोनच आकडे मोठे लिहिले : वरती पावसाचे मिलिमीटर, खालती चाळीस रुपये. अशीच एक जोडी मुंबईची. २६ जुलै २००५ चा पाऊस सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, आणि त्याच दिवशी कुलाब्याला ऐंशीच्याही आत. एकाच शहरात आभाळाने एवढा भेद केला, हे खरे. पण मिठी नदीच्या काठावर, भरावावर, नाल्यात कुणाच्या झोपड्या होत्या आणि पाणी ओसरल्यावर तो गाळ कुणी उपसला, तो भेद आभाळाने केलेला नाही.

प्रतिकृतीच्या झोपडीला मी शेवटपर्यंत विरोध केला. गवताचे छप्पर, शेणाने सारवलेली जमीन, आत पंखा आणि दिवा, आणि बाहेर रांगेत उभे राहून आत डोकावणारी शाळेची मुले. त्या रांगेत तसल्याच घरातून आलेले एखादे मूल असते. त्याने काय पाहायचे? त्याऐवजी एका खऱ्या छपराचा चौरसभर तुकडा उभा लावला, थरावर थर दिसतील असा. गवत कोणते, दोर कशाचा, शाकारायला किती दिवस, किती माणसे हे पाटीवर.

आणि एवढे सगळे करताना जी अडचण पावलोपावली आली ती अशी, की आपल्या वस्तू मिळत नाहीत. मोट एका वाड्यातून आली, हजेरीपत्रक एका निवृत्त कारकुनाकडून. वस्त्यांतून फार थोडे आले. संग्रहालयाच्या रक्षकांनी मला त्यांचे शास्त्र समजावले : कागद आणि कापड यांच्यावर पन्नास लक्सहून अधिक उजेड नको, दमटपणा पन्नास टक्क्यांच्या आसपास स्थिर हवा, दमट झाले की चामड्याला बुरशी, कोरडे पडले की भेगा. म्हणजे संग्रहालय ही मुळात हवामान बाहेर ठेवणारी इमारत आहे. वाडाही तशीच इमारत होती. म्हणून बखरी राहिल्या, दप्तरे राहिली, पैठण्या राहिल्या. गळक्या छपराखाली तीन पिढ्यांत काहीच उरत नाही. माझ्या आजोबांकडे एक सनद होती म्हणतात. ती हस्ताच्या पावसात भिंतीबरोबर गेली. आमचा इतिहास लिहिला गेला नाही हे आपण नेहमी म्हणतो. जो लिहिला गेला होता त्यातला काही भिजून गेला, हेही नोंदवायला हवे.

म्हणून वाचकांना एक विनंती. घरात चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे काही असेल, म्हणजे दुष्काळी कामावरची चिठ्ठी, शिधापत्रिका, वतनाचा कागद, धम्मदीक्षेच्या वेळचे पत्रक, शाळेची पाटी, परिषदेचा फोटो, तर ते टाकू नका, आणि कौतुकाने लॅमिनेशनही करून आणू नका. तापवून चिकटवलेले प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवले तर आतल्या ओलीने बुरशी धरते. माझी पाठ्यपुस्तके मी युरियाच्या पिशवीत ठेवत असे, म्हणून हे सांगते. जुन्या, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळावे, पत्र्याच्या पेटीत घालावे, पेटी जमिनीपासून वीतभर उंच विटांवर आणि भिंतीपासून जरा दूर ठेवावी, पावसाळा सरला की सावलीत उघडून वारा द्यावा. सोबत एका वेगळ्या कागदावर लिहून ठेवावे : वस्तू कुणाची, कोणत्या गावची, कोणत्या सालची, कुणाकडून कुणाकडे आली. पेन्सिलीने लिहावे. शाई ओलीने पसरते.